तिचा राजासॉरस आणि माझा लांबमान्या

मुख्याध्यापिका बाई आमच्या वर्कशॉपात आल्या तेव्हा टेबलावर राजासॉरस डायनोसॉरचे दोन सांगाडे उभे होते. दोघांचं माप एकच, खऱ्याच्या एक-दशांश, म्हणजे नाकाडापासून शेपटीच्या टोकापर्यंत दीड हाताचे. दोघांच्या आत एकाच बंडलाची तार, वर एकाच घमेल्यातला कागदाचा लगदा, रंगही एकाच डब्यातला. डावीकडचा मी केलेला होता, उजवीकडचा माझ्या बायकोनं. बाईंना हे माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. त्या धामणगाव बढ्याहून आल्या होत्या. त्यांच्या शाळेत विज्ञानाची नवी खोली होणार होती आणि त्या खोलीसाठी त्यांना आपल्या देशात सापडलेल्या डायनोसॉरचा सांगाडा हवा होता.

त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, टेबलापाशी वाकल्या आणि डावीकडं ढुंकूनही न बघता उजवीकडच्यासमोर थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

"हा चाललाय," त्या म्हणाल्या.

"दोन्ही एकाच आराखड्यावरून केलेत मॅडम," मी म्हणालो.

"असतील. पण आम्हाला असा हवा. ज्यांनी हा केला त्यांच्याच हातचा."

मी सांगणार होतो की दोन्ही आमच्या वर्कशॉपचेच आहेत, इथं असं वेगळं वेगळं काही नसतं. तेवढ्यात बायको पाण्याचा ट्रे घेऊन मागच्या दारातून आली. तिनं ऐकलं होतं. ट्रे खाली ठेवता ठेवता ती म्हणाली, "थो माहा आहे."

आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण या घरातल्या एखाद्या वस्तूला ती 'माझं' म्हणाल्याचं मला आठवत नव्हतं. फ्रीज आमचा होता, गाडी पोराची होती, तव्याला आणि कपाटालासुद्धा ती आपलं म्हणायची. आणि आज 'थो माहा'. बाई तिच्याकडं वळल्या, तिचा हात हातात घेतला, आणि मी पाण्याचे ग्लास वाटत उभा राहिलो.

मलकापुरात माझा धंदा शैक्षणिक साहित्याचा. स्टेशनच्या बाजूला जिनिंगच्या गल्लीत माझं पत्र्याचं शेड आहे, मागं लागून घर. शाळांच्या प्रयोगशाळेत काचेच्या कपाटात जे प्लास्टरचं काळीज असतं, अर्धं कापलेलं मूत्रपिंड असतं, लाल रंगाचा ज्वालामुखी असतो, ते मी करतो. मी बी.एस्सी. झालो आणि नोकरी लागली नाही, तेव्हापासून हेच. डायनोसॉर नंतर आले. एका शाळेनं सहज विचारलं, मी पुस्तकं धुंडाळली, नेटवरचे आराखडे मोठे करून छापून घेतले आणि पहिला सांगाडा केला. तो करताना मला जी मजा आली ती आधी कधी आली नव्हती. एकेक मणका वेगळा, फासळीचा बाक वेगळा, मांडीच्या हाडाची वरची गाठ कुठं बसते, खुबा कसा उघडतो. मी व्हर्नियर घेऊन बसायचो. आराखड्यात जे असेल तेच माझ्या हाडात असायचं, केसाइतकाही फरक नाही. आजूबाजूच्या तालुक्यांतल्या शिक्षकांना हे माहीत होतं. कुणी म्हणालं की मलकापूरवाल्याचं माप चुकत नाही, तर मी ते दोन दिवस मनात घोळवायचो.

बायको वर्कशॉपात आली ती पोरगा शिकायला पुण्याला गेल्यावर. घरात करमत नाही म्हणून दुपारी येऊन बसायची. तिचं माहेर जानेफळकडचं, भाजीपाल्याचं शेत असलेलं घर. तिची आई रद्दी भिजवून, मेथी वाटून घालून, त्याच्या टोपल्या करायची. त्यामुळे लगदा तिच्या हाताला नवा नव्हता. मी तिला आधी पॉलिश पेपर मारायला दिला, मग फासळ्या वळायला दिल्या. ती फासळ्या वळताना गावाकडच्या गोष्टी सांगायची, मी 'हो हो' म्हणायचो. ते दिवस चांगले होते. मी उस्ताद होतो आणि ती माझ्या हाताखाली होती, आणि हे मला आवडत होतं हेही मला तेव्हा कळत नव्हतं.

मग मला चिकुनगुनिया झाला. ताप गेला, पण बोटांचे सांधे सुजून बसले. चहाचा कप धरता येईना, तार काय वळणार! एका शाळेचा राजासॉरस अर्धवट पडला होता आणि त्यांचा कार्यक्रम तोंडावर आला होता. बायको म्हणाली, "मी करून पाह्यते. तुमी खाटेवरून सांगा."

मी दोन दिवस खाटेवरून सांगितलं. तिसऱ्या दिवशी ती विचारायची बंद झाली. मला वाटलं कंटाळली. शेवटी भिंत धरून शेडमध्ये गेलो, तर सांगाडा उभा होता. मी दारातच थबकलो. त्या जनावराचं एक पाऊल जमिनीवरून सुटत होतं, धड किंचित डावीकडं कललं होतं, शेपटी त्या कलण्याला सावरत होती, आणि डोकं असं वळलं होतं की त्याला मागून कुणीतरी हाक मारलीय. मी केलेला प्रत्येक सांगाडा नीट उभा असायचा. हा उभा नव्हता, निघाला होता.

"कसा वाटते?" तिनं विचारलं.

"शेपटी बघू दे," मी म्हणालो, आणि व्हर्नियर मागितलं.

सुजलेल्या बोटांनी मी सगळा सांगाडा मोजला. ती शेजारी हात पुसत उभी होती. शेपटीच्या टोकाकडं मला एक मणका कमी सापडला. तेव्हा मला जे वाटलं त्याला आनंदच म्हणावं लागेल. सांधे दुखायचे थांबले असं वाटलं.

"इथं एक कमी आहे," मी म्हणालो.

"हाव का? मंग लावून देते." तिनं चिमूटभर लगदा घेतला, तळहातावर वळला, तारेत ओवला आणि लावून दिला. मी व्हर्नियर डबीत ठेवायच्या आत काम झालं.

सांगाडा गेला आणि शाळेतून फोन आला. फोन स्पीकरवर होता. सर म्हणाले, "या वेळी काय केलंत हो? पोरं त्याच्यासमोरून हलत नाहीत. तुमचा हात बदललाय." मी म्हणालो, "सर, या वेळी हात मिसेसचा आहे." सर हसले आणि म्हणाले, मग आता त्यांच्याच हाती द्या सगळं. गमतीत म्हणाले. बायकोही हसली आणि पोळी उलटायला आत गेली. मी मात्र संध्याकाळपर्यंत त्या वाक्याशी भांडत होतो.

हात बरे झाल्यावर मी मुद्दाम राजासॉरस केला. तीही एक करत होतीच. तेच हे दोन, जे बाईंच्या पुढं आले. माझा करताना मी तिच्यासारखं पाऊल उचलून पाहिलं, तर जनावर लंगडं दिसायला लागलं. धड कलवलं तर पडेल असं वाटायला लागलं. शेवटी सगळं सरळ केलं आणि स्वतःची समजूत घातली की संग्रहात ठेवायच्या नमुन्याला नाटक नको, माप हवं. तिला मी एकदा विचारलं होतं, की तू हे नेमकं कशावरून करते? मला वाटलं काहीतरी सांगेल, बकरीवरून, कुत्र्यावरून, काहीतरी. ती म्हणाली, "मले नाई माहीत. हात जाते तसा जाऊ देते." याचा मला सगळ्यात जास्त राग आला. तिनं काही युक्ती सांगितली असती तर मी ती शिकलो असतो.

तर बाई तिचा हात धरून उभ्या होत्या. मी मध्येच म्हणालो, "मॅडम, मोठ्या खोलीत हा एकटा लहान दिसेल. आपल्या विदर्भातलाच एक आहे, चंद्रपूरकडच्या खडकात सापडलेला लांब मानेचा. तो मी करतो. माप मोठं घेतो, माणसाच्या तिप्पट लांब होईल. दोन्ही शेजारी ठेवा." बाईंना ते आवडलं. लहानाची ऑर्डर तिची, मोठ्याची माझी, असं ठरलं. बाई गेल्यावर मी बायकोला सांगितलं, "माझ्या सांगाड्याला हात लावायचा नाही."

ती म्हणाली, "बरं."

त्या दिवसापासून शेडमध्ये दोन टेबलं झाली. ती खिडकीच्या बाजूला, मी दाराच्या. मी माझ्या जनावराला लांबमान्या म्हणायचो. सुरुवात जोरात झाली. पाय खांबासारखे, फासळ्यांचा पिंजरा कणगीएवढा. खरी अडचण पुढं होती. या जातीचं पूर्ण डोकं कुणाला सापडलेलंच नाही. पाठीचे, शेपटीचे मणके आहेत, पायांची हाडं आहेत, पण डोकं असं समोर ठेवून मोजता येईल असं नाही. दुसऱ्या देशांतल्या त्याच्या नातेवाइकांवरून अंदाज करावा लागतो. आयुष्यभर मापावर जगलेल्या मला आता मनानं डोकं करायचं होतं.

मी एक केलं, ते घोड्यासारखं झालं. दुसरं बदकासारखं. तिसरं लांबून बरं दिसायचं, पण मानेवर लावलं की मान खाली झुकायची, इतकी की दुसऱ्या दिवशी सकाळी जनावर पाणी प्यायला वाकल्यासारखं दिसायचं. मी तार दुप्पट केली, मान आणखी जड झाली. बायको तिच्या टेबलावर पाठमोरी बसून काम करायची. पॉलिश पेपरचा सरसर आवाज, बाहेर कापसाच्या गाड्यांचे हॉर्न, बाकी शेडमध्ये शांतता. मला खात्री होती की हे डोकं तिच्या हाती गेलं तर ती दुपारभरात करून ठेवेल. आणि ती ते बोलत नव्हती. येता-जाता एकदा बघायची आणि पुढं जायची. ते बघणं मला टोचायचं. तिनं घरच्या ग्रुपवर तिच्या राजासॉरसचा फोटो टाकला. पुण्याहून पोरानं लगेच लिहिलं, मम्मी एक नंबर. तिच्या भावानं लिहिलं, ताई, आता मुंबईले दुकान टाक. मी पण अंगठा टाकला. लांबमान्याचा फोटो टाकण्यासारखं माझ्याकडं काही नव्हतं, त्याला डोकं नव्हतं.

एका दुपारी मान पुन्हा पडली. या वेळी डोकं निखळून खाली पडलं आणि त्याचा जबडा फुटला. ती वळून बघत राहिली. मी म्हणालो, "बोल ना! काऊन बोलत नाही? हसून घे एकदाची."

"तुमीच म्हणले हात लावू नको."

"हात लावू नको म्हटलं. बोलू नको कधी म्हटलं?"

ती स्टुलावरून उठली नाही. हातातली फासळी तशीच धरून म्हणाली, "तुमाले माहा राजासॉरस पाहवत नाई. मले समजते थे. पहिल्या दिवसापासून समजते. तुमी मोजाले बसले होते ना, तवापासून."

मी पायानं जबड्याचे तुकडे एका जागी सारले.

"मले काही वाटत नाई त्याचं," ती म्हणाली. "मी लय वर्ष जळली आहे. तुमी इथं बसून थे प्लास्टरचं काळीज करायचे. त्याच्यावर बोट फिरवायचे, फुंकर मारायचे, उजेडात धरून पाहायचे. मी त्या दारात चहा घेऊन उभी राहायची. तुमी म्हणायचे, ठेव तिथं. चहाले साय यायची तरी तुमचं लक्ष नाई. मले त्या काळजाचा असा राग यायचा की वाटे आपटून फोडून टाकावं. आता तुमाले समजून राह्यलं कसं असते थे."

एवढं बोलून ती परत कामाला लागली. तिच्या आवाजात भांडण नव्हतं. भांडण असतं तर मला उत्तर देता आलं असतं. मी फुटलेला जबडा उचलला आणि बाहेर जाऊन कट्ट्यावर बसलो. एवढी वर्षं ती त्या दारात उभी राहायची आणि मला ते दार रिकामंच दिसायचं. वाईट वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण खरं सांगायचं तर वाईट वाटता वाटता माझ्या डोक्यात हेही चालू होतं की तिनं डोक्याबद्दल काहीच सांगितलं नाही. मान का पडते ते तिला कळलं असणार. सांगितलं नाही.

मानेचा तोडगा मलाच सापडला, आणि त्याचा मला आजही अभिमान आहे. भंगारवाल्याकडं जुन्या टीव्हीच्या अँटेना पडल्या होत्या. त्यांच्या ॲल्युमिनियमच्या पोकळ नळ्या मी आणल्या, आत बारीक वाळू भरून दोन्ही तोंडं बंद केली आणि हळूहळू वाकवल्या, म्हणजे नळी चेपत नाही. मग वाळू काढून टाकली. मान हलकी झाली आणि ताठ उभी राहिली. मणके थर्माकोलचे कापून वर लगद्याचा पातळ थर दिला. डोकं लहान केलं, साधं, कुठल्या कोनातून लक्षात राहणार नाही असं. चूक दिसण्यापेक्षा न दिसलेलं बरं, असा विचार केला. सगळं वाळल्यावर मी तिला बोलावलं. ती भोवती फिरली, फासळ्यांच्या पिंजऱ्यातून पलीकडं पाहिलं.

"उभा राह्यला," ती म्हणाली.

मी वाट बघत राहिलो. दुधवाला आला होता, ती निघून गेली.

सांगाडे आम्ही ओळखीच्या टेम्पोतून धामणगाव बढ्याला नेले. लांबमान्या तीन तुकड्यांत, राजासॉरस अख्खा, गोधडीत गुंडाळून बायकोच्या मांडीवर. रस्ताभर खड्डा आला की ती त्याच्यावर वाकायची. पोरगा लहान असताना एसटीत ती त्याच्यावर अशीच वाकायची, ते मला आठवलं. मी पुढं ड्रायव्हरशेजारी बसलो होतो आणि आरशात बघत होतो.

शाळेत खोली छान केली होती. बाईंनी राजासॉरससाठी मधोमध चौथरा बांधून घेतला होता, वर दिवा. लांबमान्याला भिंतीकडची जागा. मी तुकडे जोडले, मानेला खालून एक बारीक टेकू दिला, रंगाचे डाग झाकले. बाई आल्या, दोन्ही पाहिले आणि राजासॉरसपुढं पुन्हा तशाच थांबल्या. "यांच्या हातात काय आहे हो?" असं मला विचारलं. मी म्हणालो, "देवाला माहीत." मग त्यांनी दार उघडलं आणि पोरं आत सोडली.

पोरांनी चौथऱ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आत येताच एक आरोळी उठली आणि सगळी लाट भिंतीकडं गेली. लांबमान्या त्यांच्यापेक्षा उंच होता, एवढंच त्यांना पुरेसं होतं. कुणी फासळ्या मोजायला लागलं, कुणी त्याच्या पोटाखालून जाऊन आलं, मग सगळ्यांनाच पोटाखालून जायचं होतं. "याच्यावर बसता येते का बे?" "तुह्या वजनानं मरंन थो!" "मेलेलाच हाय ना!" एका मुलीनं मला विचारलं, याचं डोकं एवढंसंच काऊन? मी तिला सांगितलं की खरं डोकं अजून कुणाला पूर्ण सापडलेलं नाही, हे आम्ही अंदाजानं केलं. तिनं मान वर करून खूप वेळ पाहिलं आणि म्हणाली, "मंग मी सापडवीन." वर्गाचे सर तिला रागावले, रांगेत चल म्हणून.

चौथऱ्यापाशी दोन शिक्षिका आणि माझी बायको एवढ्याच होत्या. शिक्षिका कौतुक करत होत्या. बायको त्यांच्याकडं बघत नव्हती, ती भिंतीकडं बघत होती. तिचा चेहरा मी चांगला ओळखतो. तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. एक पोरगा पळत तिच्या चौथऱ्याकडं आला, तिनं हसून त्याला जागा दिली, तर त्याला फक्त पलीकडं पडलेली आपली चप्पल उचलायची होती.

मला काय झालं ते सांगतो. मला बरं वाटलं. इतकं बरं की मी हात मागं बांधून भिंतीला टेकलो, कुणाला दिसू नये म्हणून. पोरं माझं माप बघून खूश झाली नव्हती, माझा हात बघूनही नाही. जनावर मोठं होतं, बस. हे मला पक्कं माहीत होतं आणि तरीही बरं वाटत होतं.

परतीच्या वाटेवर तीही पुढं बसली होती, गोधडी तिच्या मांडीवर रिकामी होती. मोताळा गाव मागं गेलं तशी तिनं गोधडीची घडी घातली. मग एकदम म्हणाली, "लेकरायले काय समजते. मोठं दिसलं की धावले."

"हो," मी म्हणालो. "लेकरंच ती."

"बाईले समजलं."

"बाईंना समजलं," मी म्हणालो.

ड्रायव्हरनं विचारलं, काय झालं वहिनी? ती म्हणाली, काही नाई, ऊन लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत शेडकडं गेलो तर दार उघडं होतं. ती माझ्या टेबलाशी बसली होती, दाराकडच्या. उरलेल्या अँटेनाच्या नळ्या तिनं जमिनीवर ओळीनं मांडल्या होत्या आणि वाळूचं घमेलं जवळ ओढलं होतं. लांबमान्याचा माझा आराखडा भिंतीवर टाचलेला होता, त्याच्याकडं ती बघत नव्हती.

"आता मोठा मी करते," ती म्हणाली. "याच्याहून मोठा. वाळू किती भरायची नळीत?"

मी चूळ भरायला वळलो. सांगायचं की नाही असा विचार खरंच मनात आला. तिनं मानेचं मला सांगितलं नव्हतं. ती नळी हातात धरून बसून राहिली, माझ्याकडं न बघता. तिचा अंगठा नळीवरून पुढं-मागं फिरत होता, आणि ती नळी कुठं वाकणार आहे ते तिला आत्ताच दिसत होतं, हे मला दिसत होतं. मी तोंड धुतलं, आत आलो, तिच्याशेजारी उकिडवा बसलो आणि म्हणालो, "काठोकाठ भर. थोडी जरी पोकळी राहिली तर चेपते."

ती वाळू भरायला लागली. मी खिडकीकडच्या तिच्या स्टुलावर जाऊन बसलो. तिथून उजेड चांगला येत होता, माझ्या जागेपेक्षा कितीतरी चांगला. इतके दिवस तिच्याकडं हा उजेड होता, आणि मला कुणी सांगितलं नव्हतं.